सॉफ्टवेअरचं नाव नंतर, प्रकार आधी: बेळगाव सीमाभागातल्या व्यावसायिकांसाठी निवडीचे टप्पे

सॉफ्टवेअर घेतलं आणि वर्षभरात पुन्हा वहीवर आले, अशी दुकानं आणि कारखाने बेळगाव, खानापूर, निपाणीत बरेच आहेत. बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर वाईट नसतं, निवडीचा क्रम चुकलेला असतो. शेजारच्या पेढीवर पाहिलं किंवा डेमो आवडला म्हणून आधी नाव ठरतं आणि पैसे भरले जातात. मग कळतं की सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या गिऱ्हाइकाचं बिल त्यात बरोबर निघत नाही, किंवा मागवाल्याला (विणकराला) दिलेल्या सुताचा हिशेब त्यात कुठेच बसत नाही. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिल्या तीन टप्प्यांत कुठल्याही विक्रेत्याला फोन करू नका.

## टप्पा 1: एका आठवड्याचे सगळे कागद एका जागी आणा

गर्दीचा आठवडा निवडा. कापडवाल्यांनी लग्नसराईतला, किराणा घाऊकवाल्यांनी दिवाळीच्या आधीचा, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांनी खरेदीच्या हंगामातला घ्यावा. शांत आठवड्याचे कागद पाहून ठरवलेलं सॉफ्टवेअर गर्दीत अडकतं.

विक्रीची बिलं, खरेदीची बिलं, डिलिव्हरी चलनं, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, उधारीची वही, हमाली-तोलाईचा हिशेब आणि मालकाच्या खिशातल्या चिठ्ठ्यासुद्धा काढा. चिठ्ठ्या फार महत्त्वाच्या, कारण धंद्याचा जो भाग कुठल्याच वहीत बसत नाही तो चिठ्ठीवर असतो आणि सॉफ्टवेअरही तिथेच कमी पडतं.

आता प्रत्येक प्रकारच्या कागदावर पेन्सिलने तीन गोष्टी लिहा: तो कोण लिहितं, कोण वाचतं आणि त्यातला आकडा पुढे कुठे उतरवला जातो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशिनिंगच्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. फौंड्रीकडून कास्टिंग येतं, तेव्हा नगांची नोंद गेटवर होते. सुपरवायझर तेच नग आपल्या डायरीत लिहितो. माल परत जाताना चलनावर पुन्हा तेच, महिन्याच्या शेवटी बिलावर पुन्हा तेच. एकच आकडा चार हातांनी चार ठिकाणी लिहिला जातो आणि रिजेक्शनचे नग मधल्या एखाद्या ठिकाणी गळतात. या कारखान्याला बिल करणाऱ्या सॉफ्टवेअरने फारसा फरक पडणार नाही. नग आले किती, गेले किती, बाद किती, शिल्लक किती हे सांभाळणारं सॉफ्टवेअर त्याला हवं. कागद मांडल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

वडगाव-शहापूरच्या साडी व्यवसायात सूत किलोत जातं, साड्या नगांत परत येतात आणि मजुरी नगावर ठरते. रविवार पेठेतल्या धान्याच्या दुकानात खरेदी पोत्यांनी, विक्री किलोने आणि हमाली वेगळी. बाहेरून तिघंही व्यापारीच दिसतात, पण त्यांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रकार एक नाही.

तपासा: एकच आकडा तीन किंवा जास्त वेळा लिहिला जातो अशी किमान एक जागा सापडली का? सापडली नसेल तर कागद अर्धेच गोळा झालेत.

## टप्पा 2: अडचण एका वाक्यात लिहा

"सगळं कॉम्प्युटरवर आणायचंय" ही अडचण नव्हे. "उधारी कोणाकडे किती दिवसांची आहे हे मला संध्याकाळी कळत नाही" ही अडचण आहे. "जॉबवर्कला (दुसऱ्याकडे मजुरीवर काम करून घ्यायला) गेलेले नग महिन्याअखेरीस जुळत नाहीत" हीसुद्धा आहे. असं एकच वाक्य लिहा. दोन झाली तर त्यातलं जास्त पैसा खाणारं वर ठेवा.

हे वाक्य मालकाने एकट्याने लिहू नये. बिल करणारा मुलगा, हिशेब लिहिणारे दिवाणजी आणि गोदामातला माणूस यांना विचारून लिहावं. रोज सॉफ्टवेअरवर बसणार तेच. पंचवीस वर्षं किर्द लिहिणाऱ्या दिवाणजींना निवडीपासून दूर ठेवलं, तर ते वही बंद करत नाहीत. मग दोन हिशेब सुरू राहतात आणि दोन्ही अपुरे.

## टप्पा 3: सीमेमुळे लागू होणारे नियम तुमच्यापुरते ठरवा

पुण्या-बंगळूरच्या सल्ल्यावर सॉफ्टवेअर घेणारे इथे फसतात. तिथल्या किरकोळ दुकानदाराला परराज्याचं गिऱ्हाईक क्वचित लागतं. आपल्याकडे शिनोळी अर्ध्या तासावर आहे आणि ती महाराष्ट्रात. निपाणीहून कागल जवळ, खानापूरहून गोवा जवळ. रोजच्या बिलांत तीन राज्यं येतात: कर्नाटक 29, महाराष्ट्र 27, गोवा 30. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे हेच असतात. राज्यातल्या राज्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी, राज्याबाहेर आयजीएसटी. सॉफ्टवेअरने हा निर्णय आपोआप घ्यायला हवा. बिल करणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर तो सोडला, तर चुका होणारच.

पुढचे प्रश्न सीएसमोर बसून एका कागदावर सोडवा.

तुम्ही कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याची जीएसटीतली सोय) आहात का? असाल तर माल दुसऱ्या राज्यात विकता येत नाही. परराज्यातून खरेदी चालते. चंदगड किंवा गोव्याला माल पाठवायचा विचार असेल, तर आधी योजना सोडायची की नाही ते ठरवा आणि मगच सॉफ्टवेअर पाहा. दोन्हींत बिलाचा नमुनाच वेगळा असतो.

काउंटरवर परराज्याचं गिऱ्हाईक येतं का? 1 ऑक्टोबर 2023 पासूनचा नियम असा: जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला, तर त्या पत्त्यातलं राज्य धरून कर लागतो. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ता मानला जातो. पत्ताच नसेल तर दुकान ज्या राज्यात ते राज्य धरतात. म्हणजे चंदगडच्या शेतकऱ्याने बेळगावात पाण्याचा पंप घेतला आणि वॉरंटीसाठी पत्ता लिहून घेतला, तर ते बिल आयजीएसटीचं झालं. मोबाइलवरची काही ॲप दुकानाचंच राज्य गृहीत धरून पुढे जातात. हा प्रश्न तुमच्या यादीत असायलाच हवा.

मालाची ने-आण किती रुपयांची? परराज्यात 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढायची पावती) लागतं. कर्नाटकातल्या कर्नाटकातही मर्यादा तीच आहे. जॉबवर्कचा नियम मात्र वेगळा, आणि तोच जास्त विसरला जातो: मूळ मालकाने परराज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवला, तर किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल हवं. उद्यमबागेतून शिनोळीला किंवा कोल्हापूरला मशिनिंगसाठी जाणारी दहा हजारांची कास्टिंगही यात येतात.

ई-इनव्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागू आहे का? 2017-18 पासून कुठल्याही एका वर्षी उलाढाल 5 कोटींच्या वर गेली असेल, तर जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकांच्या बिलांना ते लागतं. यंदा उलाढाल कमी झाली म्हणून सुटका होत नाही. लागू असेल तर पोर्टलवर हाताने बिल चढवायला लावणारं सॉफ्टवेअर यादीतून काढून टाका.

दोन्ही राज्यांत जागा आहे का? बेळगावात ऑफिस आणि शिनोळीत शेड असेल तर दोन जीएसटी नंबर येतात. एकाच मालकाचे असले तरी कायद्याने ते दोन वेगळे व्यवहारी. एका शेडमधून दुसऱ्या शेडला विक्रीचा माल पाठवला तरी कराचं बिल करावं लागतं. दोन नंबर आणि दोन गोदामं एकाच ठिकाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर लागेल आणि त्यामुळे प्रकारच बदलेल.

धंदा कंपनी म्हणून नोंदलेला आहे का? असेल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. एकट्याच्या किंवा भागीदारीतल्या धंद्याला हे बंधन नाही.

इशारा: गिऱ्हाइकांच्या यादीतले पिनकोड एकदा नजरेखालून घाला. 590 आणि 591 म्हणजे आपला भाग, 416 म्हणजे कोल्हापूर-चंदगड, 403 म्हणजे गोवा. 416 च्या गिऱ्हाइकासमोर कर्नाटक लिहिलेलं आढळलं, तर ते सॉफ्टवेअरमध्ये जाण्याआधीच दुरुस्त करा.

## टप्पा 4: प्रकार ठरवा

खालचे प्रकार साध्याकडून अवघडाकडे लावले आहेत. वरून वाचत या आणि जिथे टप्पा 2 मधलं वाक्य सुटतं आणि टप्पा 3 मधले नियम पाळले जातात, तिथे थांबा. पुढचं घेण्यात प्रतिष्ठा नाही, खर्च मात्र आहे.

मोबाइलवरचं बिलिंग ॲप. एक काउंटर, मालक स्वतः बिल करतो, मालाचे प्रकार थोडे. "व्यापार", "खाताबुक" अशा नावांची ॲप या कामासाठी आहेत. उधारीची आठवण पाठवायला उत्तम. दुसरा माणूस बिल करायला लागला किंवा गोदाम वेगळं झालं की अडचण सुरू होते.

तयार अकाउंटिंग पॅकेज. टॅली, बिझी, झोहो बुक्स ही यातली माहितीची नावं. घाऊक व्यापार, हार्डवेअर, सुटे भाग, ट्रेडिंग अशा बहुसंख्य धंद्यांचं काम इथे भागतं. आपल्या भागात टॅलीची आणखी एक जमेची बाजू आहे, आणि ती कुठल्या माहितीपत्रकात नसते: ती चालवणारा माणूस खानापुरातही मिळतो आणि सीएच्या ऑफिसात ती असतेच. हिशेब लिहिणारी मुलगी लग्न होऊन गेली तर दुसऱ्या दिवशी काम पुढे चालतं का, हा प्रश्न मी तरी वैशिष्ट्यांच्या यादीपेक्षा वर ठेवतो.

धंद्यापुरतं खास पॅकेज. औषधाच्या दुकानाला बॅच नंबर आणि मुदत, सराफाला वजन-टंच-मजुरी, हॉटेलला टेबल आणि किचनची ऑर्डर, पतसंस्थेला पिग्मी (रोजची ठेव) आणि कर्जाचे हप्ते. इथे सर्वसाधारण पॅकेज ताणून बसवू नका. मात्र एवढं विचारा: यातला हिशेब सीएच्या पॅकेजमध्ये फाइलने जातो, की पुन्हा टाइप करावा लागतो?

ईआरपी. कच्चा माल, उत्पादनाचे टप्पे, तपासणी, जॉबवर्क, खरेदी हे सगळं एका धाग्यात हवं असेल तेव्हा. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या मोठ्या युनिटांना ते लागतं. ईआरपीनेक्स्ट हे मुक्तस्रोत असल्याने परवान्याचे पैसे पडत नाहीत. पण ते बसवणारा, सर्व्हर सांभाळणारा आणि माणसांना शिकवणारा यांचे पैसे पडतात. रोजची नोंद करायला एक माणूस पूर्णवेळ देता येत नसेल, तर या प्रकारात अजून जाऊ नका.

स्वतःसाठी बनवून घेतलेलं. बेळगाव हे इंजिनिअरिंग कॉलेजांचं गाव. हुशार मुलं माफक पैशांत सॉफ्टवेअर बनवून देतात, कामही मन लावून करतात. पुढे त्यांना पुण्याला किंवा बंगळूरला नोकरी लागते आणि त्यानंतर कराचा नियम बदलतो. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर एका दिवसात बदलले, तेव्हा तयार पॅकेजवाल्यांना अपडेट मिळाले. बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या मालकाला बनवणारा शोधावा लागतो. म्हणून कराचं बिल आणि हिशेब कधीही बनवून घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तयार पॅकेजला जमत नाही तेवढाच तुकडा बनवून घ्या: मागवाल्याला दिलेलं सूत, आलेल्या साड्या, मजुरी. बिल पॅकेजमध्येच करा.

तपासा: निवडलेला प्रकार आणि त्याचं कारण दोन ओळींत लिहिता येतं का? कारणात "सगळे तेच घेतात" एवढंच उरत असेल तर टप्पा 1 वर परत जा.

## टप्पा 5: वीज, पाऊस आणि इंटरनेट

शहरात इंटरनेटवर चालणारं सॉफ्टवेअर बहुधा निभावतं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही जातात, तिथे नेटशिवाय बिल निघालंच पाहिजे. विक्रेत्यासमोर राऊटरची वायर काढा आणि बिल करायला सांगा. निघालं तर नेट परत आल्यावर ते बिल आपोआप वर चढतं का आणि नंबर दुबार होतो का, हेही तिथेच पाहा.

डेटा दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहणार असेल तर यूपीएस आणि रोजचा बॅकअप हा खर्च सॉफ्टवेअरच्या किमतीतच धरा. बॅकअपचा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरलाच लावून ठेवणं म्हणजे बॅकअप नसणं.

## टप्पा 6: डेमो तुमच्या बिलांवर घ्या

विक्रेत्याचा तयार डेमो पाहायचा नाही. टप्पा 1 मधले कागद समोर ठेवा आणि बिल करणाऱ्या तुमच्या माणसाला खुर्चीत बसवा. विक्रेत्याने तोंडी सांगावं, हात तुमच्या माणसाचे.

1. एक बिल बेळगावच्या गिऱ्हाइकाचं, एक चंदगडचं, एक मडगावचं. कर आपोआप बदलला पाहिजे.
2. जीएसटी नंबर नसलेलं, पण महाराष्ट्राचा पत्ता दिलेलं काउंटरचं बिल.
3. अर्धा माल परत आला. क्रेडिट नोट करा आणि साठा वाढला का पाहा.
4. पोत्याने खरेदी, किलोने विक्री. शिल्लक दोन्ही मापांत दिसली पाहिजे.
5. दर बदललेल्या वस्तूचं 22 सप्टेंबर 2025 च्या आधीचं आणि नंतरचं बिल उघडा. जुन्या बिलावर जुनाच दर राहिला पाहिजे. बदलला तर सॉफ्टवेअर तिथेच नापास.
6. जॉबवर्कचं चलन: 100 नग पाठवले, 60 चांगले परत आले, शिवाय 3 बाद. शिल्लक 37 दाखवतं का? जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, म्हणून किती दिवस झाले हेही दिसलं पाहिजे.
7. गिऱ्हाइकाने तीन बिलांपोटी मोघम रक्कम दिली. ती कुठल्या बिलात किती वळवायची हे ठरवता येतं का?
8. गिऱ्हाइकाचं नाव मराठीत टाका आणि येळ्ळूर, कंग्राळी, "शेतकऱ्याचे" असे शब्द छापा. जोडाक्षरं फुटता कामा नयेत. कन्नड नावंही टाकून पाहा, आपल्या गिऱ्हाइकांत दोन्ही आहेत.

मराठी पडद्यावर दिसलं म्हणून समाधान मानू नका. काउंटरवरचे स्वस्त थर्मल प्रिंटर बऱ्याचदा इंग्रजी अक्षरंच ओळखतात. मराठी मजकूर चित्र म्हणून पाठवला तरच तो छापला जातो, आणि ती सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. तुमचा प्रिंटर उचलून डेमोला घेऊन जा.

जुनी यादी कृतिदेव, श्रीलिपी किंवा कन्नडच्या जुन्या नुडी फाँटमध्ये असेल तर ती थेट नव्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार नाही. युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल, आणि बदलल्यावर प्रत्येक नाव माणसाने वाचावं लागेल. त्याचा वेळ आत्ताच धरा.

इशारा: "हे पुढच्या अपडेटमध्ये येणार आहे" असं उत्तर मिळालं तर कागदावर "नाही" लिहा.

## टप्पा 7: पैसे देण्याआधी लेखी घ्या

किंमत तीन वर्षांची काढा: परवाना किंवा वर्गणी, दरवर्षीचं नूतनीकरण, जादा वापरणाऱ्यांचे पैसे, शिकवण्याचा आणि जुना डेटा चढवण्याचा खर्च, भेटीचे पैसे. पहिल्या वर्षी स्वस्त दिसणारं तिसऱ्या वर्षी महाग ठरू शकतं.

परवाना कोणाच्या ईमेलवर आणि मोबाइलवर नोंदला जातो ते पाहा. सोय म्हणून विक्रेता स्वतःचा ईमेल टाकतो. पुढे विक्रेता बदलायचा म्हटलं की स्वतःचाच परवाना हातात नसतो. ईमेल धंद्याचा, मोबाइल मालकाचा, मुख्य पासवर्ड मालकाच्या कपाटात.

सोडून जाताना डेटा कसा मिळेल तेही लिहून घ्या. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपून ठेवावे लागतात. वर्गणी बंद केल्यावर जुनी बिलं उघडली नाहीत, तर नोटीस आल्यावर दाखवायला काही नसेल. सगळी बिलं, खाती आणि साठा एक्सेलमध्ये उतरवता येतो का, हे डेमोतच करून पाहा.

## टप्पा 8: बदल करण्याचा क्रम

उत्तम दिवस 1 एप्रिल. वर्ष नवं, बिलांची मालिका नवी, मागच्या शिल्लका स्वच्छ. ते जमलं नाही तर महिन्याची पहिली तारीख घ्या. गर्दीच्या हंगामात बदल करू नका.

1. आदल्या दिवशी गोदामातला माल प्रत्यक्ष मोजा. वहीतला साठा तसाच चढवू नका.
2. प्रत्येक गिऱ्हाइकाची बाकी त्याच्याकडून कबूल करून घ्या. व्हॉट्सॲपवर "बरोबर आहे" एवढं आलं तरी चालेल.
3. गेल्या दोन वर्षांत व्यवहार नसलेली खाती नव्यात आणू नका. त्यांची वेगळी यादी ठेवा. वसुलीला ती लागेल.
4. बिल नंबरचा साचा ठरवा. नंबर 16 अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि वर्षात दुबार होता कामा नये. दोन काउंटर असतील तर दोन मालिका.
5. पहिला महिना जुनी पद्धतही सोबत चालवा.

इशारा: सोबत चालवणं म्हणजे एकाच विक्रीची दोन बिलं करणं नव्हे. गिऱ्हाइकाला जाणारं बिल एकाच ठिकाणाहून, नव्या सॉफ्टवेअरमधूनच निघेल. जुन्या वहीत त्याची फक्त नोंद करायची, आकडा पडताळण्यासाठी. दोन मालिकांची बिलं बाजारात गेली तर विवरणपत्र भरताना कुठली खरी हे ठरवता येत नाही.

रोज संध्याकाळी गल्ला, उधारी आणि तीन-चार वस्तूंचा साठा वही आणि सॉफ्टवेअरमध्ये ताडून पाहा. फरक आला तर त्याच दिवशी शोधा, कारण आठवड्यानंतर कारण सापडत नाही. महिना संपल्यावर जीएसटीआर-1 ची (विक्रीच्या विवरणपत्राची) फाइल सॉफ्टवेअरमधून काढा आणि सीएला राज्यवार बेरीज तपासायला सांगा: 29, 27 आणि 30 वेगवेगळी. ती जुळली की बॅकअप दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. तिथे सगळी बिलं दिसली तर जुन्या वहीत नोंद करणं त्या दिवसापासून थांबवा. वही मात्र कपाटात राहू द्या.